ब्रिटनमध्ये उपचार मोफत असूनही रुग्णांना इतके का थांबावे लागते?

५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, मुख्यतः करांतून चालते आणि रुग्णाकडून उपचाराच्या वेळी सहसा पैसे घेत नाही (इंग्लंडमध्ये दातांचे उपचार व औषधे यांचे शुल्क बऱ्याच जणांना भरावे लागते, ते सोडून); परंतु खाटा आणि डॉक्टर मोजकेच असल्याने मागणी शेवटी रांगेनेच आवरली जाते. तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असे इंग्लंडमधील उद्दिष्ट आहे, तरी २०२३ मध्ये प्रतीक्षायादी ७५ लाखांच्या वर गेली होती.

माझ्या मते खरी अडचण रुग्णालयाच्या मागच्या दाराशी आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या आजी बऱ्या होतात, पण घरी त्यांना उठवायला-बसवायला कोणी नसते. इंग्लंडमध्ये घरच्या देखभालीची ती सोय प्रामुख्याने स्थानिक परिषदांकडे (आपल्या महापालिकांसारख्या संस्थांकडे) आहे आणि तीही ऐपत पाहून, म्हणजे फारसे पैसे नसलेल्यांनाच सरकारी खर्चाने मिळते. मग खाट अडून राहते आणि तातडीच्या विभागातला रुग्ण तासन्‌तास स्ट्रेचरवर पडून राहतो. मार्च २०२५ मध्ये सरकारने इंग्लंडमधील या सेवेचा कारभार पाहणारी 'एनएचएस इंग्लंड' ही संस्था बरखास्त करून तिचे काम आरोग्य खात्याकडे घेण्याचे जाहीर केले. त्याने फायली कमी फिरतील, पण आजींची खाट लवकर मोकळी होईल असे मला वाटत नाही.