टूल रोल शिवताना कप्प्यांची मापं कशी काढायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८ ते १९ मिमीचे बारा कॉम्बिनेशन पाने (एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्याला रिंग), सहा स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि काही सॉकेट आहेत. लोखंडी पेटी जड पडते आणि आत सगळं खडखडतं. म्हणून तयार टूल रोल (अवजारांचे कप्पे शिवलेलं, गुंडाळून ठेवायचं कापड) घेतला, तर त्यातून लहान पाने गळतात आणि मोठे आत जात नाहीत. आता स्वतः शिवायचा विचार आहे, पण माप काय धरायचं?

तयार रोलमध्ये बहुधा सगळे कप्पे एकाच रुंदीचे आणि एकाच खोलीचे असतात, कारण सारख्या अंतरावर टिपा मारत जाणं उत्पादकाला सोयीचं. तुमचा ८ चा पाना आणि १९ चा पाना यांच्या लांबीत जवळजवळ दुपटीचा फरक. एका मापाचा कप्पा दोघांना कसा बसणार? तेव्हा शिवताना कापडापासून सुरुवात करू नका. आधी अवजारं टेबलावर क्रमाने मांडा आणि प्रत्येकाची रुंदी, जाडी, लांबी लिहून काढा.

कप्प्याच्या रुंदीचा हिशोब असा. दोन कापडं एकमेकांवर सपाट ठेवून मध्ये टिपा मारल्या, तर दोन टिपांमधल्या अंतराच्या दुप्पट एवढाच घेर आत मिळतो. चपट्या अवजाराचा घेर म्हणजे रुंदी अधिक जाडी, गुणिले दोन. म्हणून कप्प्याची रुंदी = अवजाराची रुंदी + जाडी + ५ मिमी सैल. गोल अवजाराला व्यास गुणिले १.५७, अधिक तेच ५ मिमी. नुसती रुंदी मोजून टीप मारणारे इथेच फसतात. जाडी विसरली की पाना कप्प्यात जातो खरा, पण कापड ताणून जातो, आणि महिन्याभरात तोंडाशी टाके तुटायला लागतात.

१३ चा पाना घ्या. उघड्या तोंडाची रुंदी साधारण २८ मिमी, रिंगची बाहेरून २० आणि रिंगची जाडी ९. (कंपनीप्रमाणे फरक पडतो, तुमचेच पाने मोजा.) रिंग खाली घातली तर २० + ९ + ५ = ३४ मिमीचा कप्पा लागतो. वरची उघडी तोंडं २८ ची, म्हणजे ती शेजारच्याला न लागता मावतात. उघडं तोंड खाली घातलं तर कप्पा ४० च्या पुढे जातो आणि त्याची टोकं कापडाच्या तळाला टोचत राहतात. म्हणून कॉम्बिनेशन पाना नेहमी रिंग खाली. या पद्धतीने ८ च्या पान्याला २४ मिमी आणि १९ च्याला ४५ मिमीच्या आसपास कप्पा येतो. बारा कप्प्यांची बेरीज साधारण ४१५ मिमी.

खोलीला मी लांबीच्या ६० टक्के धरतो. त्याहून कमी ठेवलं तर अवजार वरच्या बाजूला कलतं, जास्त ठेवलं तर धरायला टोक उरत नाही आणि लहान पाने बोटांनी उकरून काढावे लागतात. ८ चा पाना १२५ मिमीचा असेल तर कप्पा ७५ मिमी, १९ चा २३५ चा असेल तर १४०. म्हणजे कप्प्यांच्या तोंडाची रेषा तिरकी येईल. तुमच्या तयार रोलमधून लहान पाने का गळतात, ते यातच कळतं: त्यांच्यासाठी कप्पा खोल आहे म्हणून कापणाऱ्याने झाकणाकडे दुर्लक्ष केलं, आणि रोल उलटा झाला की ते सैल कप्प्यातून सरळ घरंगळतात.

आता झाकण. वरून दुमडून अवजारांच्या टोकांवर येणारा हा कापडाचा पदर शोभेचा नाही. तो नसेल तर रोल उभा धरला की सगळं जमिनीवर. शिवाय गुंडाळताना एका थरातली तोंडं दुसऱ्या थरातल्या तोंडांवर घासतात, ते हा पदर अडवतो. तो कप्प्यांच्या तोंडाच्या खाली किमान दोन-तीन बोटं यायला हवा, सर्वांत लहान पान्याच्या बाजूलासुद्धा. लहान पान्याचं टोक खाली राहतं, त्यामुळे तिथे पदर लांब लागतो. कप्प्याचं तोंड तिथे तळापासून ७५ मिमीवर, मागच्या कापडाची उंची २५०. म्हणजे पदर १७५ तर लागतोच, अधिक ५० ची बोटं. २२५ ठेवा.

कापड एकसंध घ्या आणि कप्प्यांसाठी खालून वर दुमडा. वेगळी पट्टी जोडू नका. तळाशी शिवण आली की सगळं वजन त्या शिवणीवर पडतं आणि ती उसवते. घडीला ही भीती नाही. घडीवर आतून ४० मिमी रुंदीची जुन्या चामड्याची किंवा दुहेरी कॅनव्हासची पट्टी लावा, कारण झीज तिथेच होते. एकूण उंची: पदर २२५, पाठ २५०, कप्पा १४०, वर-खाली दुमडीला १५-१५. झाले ६४५ मिमी. रुंदी: कप्पे ४१५, मोठ्या पान्याच्या बाजूला ४० मोकळे, लहान पान्याच्या बाजूला १०० मोकळे (ते शेवटचं वेटोळं झाकायला), आणि दुमडीला ३०. झाले ५८५.

सुती कॅनव्हास ४०० ते ५५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) चांगला. त्याहून पातळ कापडाला अवजारांची टोकं भोकं पाडतात, त्याहून जाड घेतलं तर दुमडीजवळ चार थर होतात आणि घरगुती शिलाई मशीन तिथे अडकतं. कोरा सुती कॅनव्हास आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. पहिल्या धुण्यात तो आटतो, आणि ३४ चा कप्पा २ मिमीने आटला तरी पाना घट्ट होतो. मेण लावलेला कॅनव्हास धुवायचा नसतो, आणि त्याला टाचण्याही लावू नका, भोकं तशीच राहतात. कापडाच्या क्लिपा वापरा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर ६०० ते १००० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) चालतं, हलकं आणि न कुजणारं असतं. फक्त कापलेल्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून फिरवून वितळवून घ्या, नाहीतर धागे सुटत राहतात.

दोरा पॉलिएस्टरचा जाड घ्या. सुती दोरा ओलीने लवकर सडतो. सुई जीन्सची, १०० किंवा ११० नंबर. टाका ३ ते ३.५ मिमी. बारीक टाका मजबूत वाटतो, पण जाड कापडात तो तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग पाडतो आणि कापड त्याच रेषेत फाटतं.

शिवणीचा क्रमही महत्त्वाचा. आधी कप्प्याच्या तोंडाची तिरकी कड दुमडून दुहेरी टीप मारा, कप्पे बंद झाल्यावर ती मारता येत नाही. पट्ट्याची टोकंही याच वेळी पाठीला शिवा. मग घडी घाला, खडूने रेषा आखा आणि मशीनवर जायच्या आधी प्रत्येक रेषेवर क्लिपा लावून अवजारं आत घाला. एकदा गुंडाळून पाहा. सगळ्या चुका याच टप्प्यावर सापडतात आणि उसवायला काही नसतं. मग टिपा तळाकडून तोंडाकडे मारा. उलट दिशेने मारलं तर सरकलेलं जास्तीचं कापड घडीपाशी अडकून चुणी पडते. तोंडाशी पोचल्यावर तिथेच ८ ते १० मिमी पुढे-मागे तीन वेळा टीप मारून गाठ पक्की करा. रोल पहिल्यांदा उसवतो तो इथेच, कारण पाना आत-बाहेर करताना दर वेळी याच बिंदूवर तरफेसारखा जोर येतो. रिव्हेट लावता आली तर उत्तमच.

स्क्रू ड्रायव्हर याच रोलमध्ये घालायचा मोह टाळा. त्यांची अडचण वेगळी आहे. मूठ ३० मिमीची, दांडा ६ चा. मुठी शेजारी-शेजारी मावायच्या तर कप्पे ३५ मिमी हवेत, आणि ३५ च्या कप्प्यात ६ चा दांडा लोंबकळतो. यावर उपाय म्हणजे वेगळा रोल, आणि त्यात तोंडाशी ३५ आणि तळाशी १५ राहील अशा तिरक्या टिपा, नरसाळ्यासारख्या. दांडा पूर्ण आत जातो, मूठ तोंडावर टेकते. पण सगळ्या मुठी एका बाजूला आल्या की गुंडाळल्यावर रोल एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होतो आणि पट्टा बारीक टोकाकडे घसरून निघतो. इथे तुमची पक्कड कामाला येते. तिची मुठीकडची रुंदी ५० मिमीच्या आसपास असते, तेव्हा ६० चा कप्पा द्या आणि जबडा खाली घाला. जड जबडा तळाशी गेला की तोल बराच सावरतो.

सॉकेट, म्हणजे गोट्या, रोलमध्ये घालायच्याच असतील तर वेगळा हिशोब लागतो. सपाट कापडात १.५७ पटीचा कप्पा शिवला तर रिकामा रोल नीट दिसतो, पण भरल्यावर प्रत्येक कप्पा आकसून सॉकेटएवढा होतो आणि मागचं कापड पन्हाळीसारखं वळतं. ते टाळायला मागचं कापड सपाट ठेवून पुढचं फुगवून शिवावं लागतं: मागे व्यास अधिक ६ मिमी, पुढे व्यासाच्या २.६ पट. २४ मिमीच्या सॉकेटला मागे ३० आणि पुढे ६२ ते ६५. काडतुसांचा पट्टा असतो तसं. एवढं करण्यापेक्षा सॉकेट अडकवून ठेवायची पट्टी एका चेन लावलेल्या पाकिटात टाकून ते पाकीट रोलच्या टोकाला शिवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. हातोडी आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) मात्र रोलमध्ये अजिबात नको. एक जड म्हणून, दुसरं नाजूक म्हणून. पटाशी घालायची झाली तर धारेवर टोपण हवंच, कानशी प्रत्येकी वेगळ्या कप्प्यात. एकमेकींवर घासल्या की दात बोथट होतात.

पट्टा २५ मिमी रुंदीचा. गुंडाळलेल्या रोलचा व्यास ९० मिमी झाला तर घेर २८३, म्हणजे एका वेढ्याला आणि ओढायला मिळून ४३० मिमी पुरे. तो कडेवर शिवू नका, कडेपासून ५० ते ६० मिमी आत, चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारून शिवा. तुमच्या २५० मिमी उंचीच्या रोलला मधोमध एक पट्टा चालेल. ३०० च्या पुढे दोन हवेत, नाहीतर रोल डमरूसारखा आवळतो आणि टोकांकडची अवजारं सैल पडतात. वेलक्रो वापरू नका. भुसा आणि कापडाचे तंतू त्यात अडकले की काही दिवसांत पकड जाते. दोन धातूच्या कड्या किंवा साधी नाडी कितीतरी टिकते.

गुंडाळताना पदर आधी खाली, मग मोठ्या पान्याच्या टोकाकडून सुरुवात. रुंद पाने बाहेरच्या वेढ्यात आले की वळत नाहीत, रोल कोनाकोनांचा होतो. जड माल गाभ्यात आणि लहान पाने बाहेर राहिले की तो गोल आणि घट्ट बसतो. पट्टा अर्थातच लहान पान्यांच्या टोकाला. वजनाचं म्हणाल तर बारा पाने साधारण सव्वा-दीड किलो भरतील. एका रोलमध्ये चार किलोच्या वर जाऊ नका. हातात धरता येतो, पण उघडताना मांडी किंवा टेबल शोधावं लागतं.

गंजाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रोलवाल्यांची मोठी तक्रार हीच असते. कापड ओल धरून ठेवतं, आणि गुंडाळल्यावर ती अवजाराला चिकटूनच राहते. मेणाचा कॅनव्हास बाहेरचं पाणी अडवतो तसं आतलंही अडवतो. चामड्याचा पूर्ण रोल दिसायला देखणा, पण वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं आणि ओल शोषतं, त्यात महिनोन् महिने ठेवलेल्या पोलादावर डाग पडतात. सिलिका जेलच्या पुड्या टाकून उपयोग नाही, रोल हवाबंद नसतो, त्या दोन दिवसांत ओल पिऊन गप्प होतात. अवजार पुसून, बोटाला लागेल न लागेल इतकं पातळ तेल फिरवून मगच आत घाला. ओल्या हवेत काम झालं असेल तर रोल रात्रभर उघडा पसरून ठेवा, आणि बंद रोल सिमेंटच्या जमिनीवर थेट टेकवू नका.

कापड आतून फिकट रंगाचं मिळालं तर घ्या. मळतं लवकर, पण काम संपल्यावर कोणता कप्पा रिकामा आहे ते लांबूनच दिसतं, आणि १० चा पाना इंजिनवरच राहिलाय हे निघण्याआधी कळतं.