नोकरी सोडून आजीजवळ जाऊ, की कर्ज काढून तिला इकडे आणू?

प्रश्न थोडक्यात असा: वाचक २९ वर्षांच्या आहेत, बेंगळुरूत नोकरी, हातात पगार ९२,०००. आई-बाबा लहानपणीच गेले, चिपळूणजवळच्या गावात आजीने वाढवलं. आजी आता ७९ वर्षांच्या. पाच आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, शब्द फुटत नाहीत, पण समजतं सगळं. रुग्णालयाचं बिल ३.४ लाख झालं. त्यातले १.४ लाख नातीने भरले, २ लाख धाकट्या काकांच्या क्रेडिट कार्डावर गेले. आता आजी घरी आहेत आणि धाकटे काका-काकू सगळं करतात. थोरले काका मस्कतला, आत्या वसईला. नातीजवळ एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ३.२ लाख, पीपीएफ १.८ लाख, सगळं घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेलं. त्या विचारतात: वर्षभरासाठी नोकरी सोडून गावी जाऊ, की ७ लाखांचं पर्सनल लोन काढून आजीला बेंगळुरूला आणू? थोरले काका म्हणतात, आंब्याची जमीन विकून टाकू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. "हो म्हणायचं असेल तर ती डाव्या हाताने माझं बोट दाबते," हे वाक्य वाचल्यावर लगेच उत्तर लिहायला बसता आलं नाही.

आधी निर्णय सांगते. राजीनामा देऊ नका, कर्ज काढू नका, जमीन विकू नका. दीड महिन्याची बिनपगारी रजा घ्या आणि लगेच जा. एफडीतले दोन लाख या आठवड्यात मोडा.

दोन लाख कशासाठी, ते पहिल्यांदा: काकांच्या कार्डाची थकबाकी एकदम फेडायला. काका कार्डाची "किमान रक्कम" भरत आहेत असं तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वात जास्त काळजी वाटली ती त्याच ओळीची. कार्डावरच्या थकबाकीला महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. तुमच्या एफडीला मिळतात सहा-सात टक्के. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड बसेल, बसू द्या. थोरल्या काकांनी त्यांचा वाटा नंतर तुम्हाला द्यावा, पण त्यांच्या उत्तराची वाट बघत व्याज चालू ठेवू नका. रुग्णालयाच्या बिलाची प्रत मात्र जपून ठेवा. हे पैसे आजीच्या उपचाराच्या बिलापोटी गेले, एवढी नोंद कागदावर हवी.

आता मोठा प्रश्न. रुग्णालयाचं बिल एकदा येतं आणि संपतं. घरी आणल्यानंतरचा खर्च दर महिन्याला येतो आणि तो किती महिने येणार हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. सात लाख एकदम हातात घेऊन अशा खर्चाला तोंड देता येत नाही. तुमचा महिन्याचा हिशेब असा: दिवसाची बाई १५,०००, फिजिओथेरपी २० वेळा ५०० प्रमाणे १०,०००, औषधं ४,५००, डायपर आणि कॅथेटरचं सामान ६,०००, भाड्याचा पलंग आणि हवेची गादी २,५००, डॉक्टरांच्या फेऱ्या २,०००. तुम्ही दिलेल्या आकड्यांची बेरीज ४०,००० होते. सात लाखांचं कर्ज १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १५,९०० बसेल आणि व्याजच अडीच लाखांवर जाईल. पैसे दीड वर्षात संपतील, हप्ता मात्र पाच वर्षं चालेल. नोकरी सोडली तर वर्षाचे अकरा लाख हातचे जातील आणि या ४०,००० ना उभं राहायला जागाच उरणार नाही. तुमचा पगार चालू राहणं ही आज आजीच्या घराची मोठी गरज आहे. हे ऐकायला कोरडं वाटेल, पण तुम्ही दूर राहून पैसे पाठवता म्हणजे कमी करता, हा सल मनातून काढून टाका.

बेंगळुरूला आणण्याबद्दल पैशाच्या पलीकडचं एकच सांगते. ज्या बाईचे शब्द गेलेत, तिला अशा घरात आणून ठेवायचं जिथे दिवसभर सांभाळणारी तिची भाषा बोलत नाही, शेजारीण मराठी बोलत नाही, आणि तुम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर. गावात निदान ओटीवर येऊन बसणारं कुणीतरी आहे.

तर ४०,००० कसे उभे राहतील? आधी आजींचे स्वतःचे पैसे. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांची फॅमिली पेन्शन १७,००० येते आणि "आजीची म्हणून ती कुणी हात लावत नाही" असं तुम्ही लिहिता. भावना समजते, पण ते पैसे तिच्यासाठीच आहेत आणि ती वेळ हीच आहे. उरले २३,०००. त्यात मी स्वतःहून १०,००० वाढवते, रात्रीच्या बाईसाठी. का, ते सांगते.

माझे आजोबा दोन वर्षं अंथरुणाला होते. मी मुंबईत, पैसे पाठवायचे आणि सुट्टीत जायचे. काकू खर्चाची वही ठेवायची: डेटॉल, बँडेज, रिक्षा, दोन रुपयांपर्यंत सगळं. आजोबा गेल्यावर ती वही मी चाळली. त्याच काळात काकूने कंबरेचा पट्टा घेतला होता, तिची औषधं चालू होती. वहीत त्यातलं काहीच नव्हतं. आजोबांना उचलून उचलून तिची कंबर गेली होती आणि तो खर्च तिने घरखर्चातून काटकसर करून भागवला होता. आम्ही कुणी विचारलंही नव्हतं.

तुमच्या पत्रात काकू एकाच वाक्यात येतात: "रात्री काकू उठते." दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, म्हणजे त्या रोज रात्री चार-पाच वेळा उठत असणार. त्यांना पैसे देऊ केलेत तर त्यांना अपमान वाटेल, तसं करू नका. निदान एक दिवसाआड रात्रीची बाई लावा, म्हणजे काकू झोपतील. हा खर्च चैनीचा नाही. काकू आजारी पडल्या तर तुमचं सगळं गणित कोसळेल.

म्हणजे ३३,०००. माझ्या मते थोरल्या काकांनी १५,०००, तुम्ही १२,०००, आत्यांनी ६,००० द्यावेत. धाकट्या काका-काकूंनी रोख काही देऊ नये, त्यांचा वाटा रोज पहाटेपासून चालूच आहे. हे तुम्ही, घरातल्या सगळ्यात लहान, कसं बोलणार? फोनवर एकेकाशी बोलू नका, त्यात निरोपाचे अर्थ बदलतात. रविवारी चौघांचा एकत्र व्हिडिओ कॉल करा, वर लिहिलेला खर्च कागदावर दाखवा, आणि तुमचे १२,००० पहिल्यांदा सांगा. मग आकडा मागावा लागत नाही. दर तीन महिन्यांनी पुन्हा बसायचं हेही तेव्हाच ठरवा, कारण फिजिओ कमी होईल, दुसरं काही वाढेल.

पैसे कुठे पाठवायचे, यात एक खाच आहे. तुम्ही आजीच्या खात्यात पाठवलेत तर कराचा प्रश्नच नाही, आजी-नात हे नातं करमुक्त भेटीच्या यादीत बसतं. काकांनी तुम्हाला दिले तरी करमुक्त. पण तुम्ही काकांना दिलेत तर कायद्याच्या व्याख्येत पुतणी काकांची "नातेवाईक" ठरत नाही, आणि वर्षाला ५०,००० च्या वर भेट गेली तर ती त्यांचं उत्पन्न धरली जाऊ शकते. महिना १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. म्हणून आजी आणि धाकटे काका यांचं एक जोडखातं उघडा, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं, आणि सगळ्यांचे पैसे आजीच्या नावाने तिथेच येऊ देत. बाकी या खर्चावर तुम्हाला स्वतःला करसवलत मिळणार नाही. जुन्या करप्रणालीतली वैद्यकीय खर्चावरची सवलत (८०डी म्हणून ओळखली जाणारी) स्वतः, जोडीदार, मुलं आणि आई-वडिलांसाठी आहे, आजी-आजोबांसाठी नाही. आत्या जुन्या प्रणालीत कर भरत असतील आणि आजीचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांनी कार्डाने किंवा ऑनलाइन भरलेल्या औषधांच्या बिलांवर त्यांना ती मिळू शकते.

आजींची सही आता होणार नाही, म्हणून पेन्शनचे पैसे अडकलेत असं काका म्हणाले. अडकायला नकोत. आजारी खातेदाराचा अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाचा अंगठा घेऊन पैसे काढू द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा देण्याच्या सूचनाही बँकांना आहेत. काकांनी शाखेत जाऊन तोंडी विचारण्याऐवजी डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीनेही देता येतो. आजींच्या पेन्शनला तो चालतो ना, एवढं आधी विचारा, म्हणजे त्यांना उचलून कुठे न्यायला नको.

दुसरं, आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधीचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून. आधारवरून कार्ड निघतं. आजींचं काढलेलंच नव्हतं, आणि ३.४ लाख खिशातून गेले याचं मला फार वाईट वाटलं. झालेल्या बिलाला ते उपयोगी नाही, घरच्या बाईच्या पगारालाही नाही. पण पुन्हा दाखल करायची वेळ आली तर आहे. गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी हे काम करा आणि जवळची कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ती यादी फ्रिजवर चिकटवा. रात्री दोन वाजता कुणी यादी शोधत बसत नाही. आजींसाठी आता नवा आरोग्य विमा घेण्याच्या फंदात पडू नका. एजंट वयाची अट गेली म्हणून सांगतील, ते खरंही आहे, पण असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

जमीन. सातबाऱ्यावर आजीसह पाच नावं आहेत, त्यातलं एक तुमचं. विकायची तर पाचही जणांची संमती लागेल, आणि आत्ता आजीचा अंगठा घेऊन केलेल्या खरेदीखतावर उद्या घरातलंच कुणी बोट ठेवील. शिवाय घरात आजारपण आहे हे गिऱ्हाइकाला कळल्याशिवाय राहत नाही, भाव तिथेच पडतो. यंदा आंब्याची कलमं हंगामापुरती दुसऱ्याला कराराने द्या. काकांना तशीही या वर्षी फवारणी-राखण जमणार नाही, रक्कम आगाऊ येईल, ती त्या जोडखात्यात टाका.

आजींना समजतं आहे, तोवर आणखी दोन गोष्टी. खात्यांची नामनिर्देशनं तपासा. आणि डॉक्टरांसमोर, घाई न करता, आजींना विचारा की पुन्हा झटका आला तर अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर त्यांना हवं आहे का. हा पैशाचा प्रश्न म्हणून विचारू नका, तो तसा नाहीच. पण हे कुणी विचारलेलं नसलं की दूरचा नातलग फोनवरून "सगळं करा" म्हणतो आणि जवळचा कागदावर सही करतो, आणि मग आयुष्यभर दोघं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. असं मी दोन घरांत पाहिलं आहे. त्यांची इच्छा लिहून ठेवता येते, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो.

रजा आत्ताच का? अर्धांगवायूनंतर सुधारणा सर्वात जास्त होते ती पहिल्या तीन महिन्यांत. त्यातले पाच आठवडे गेले. फिजिओवरचा पैसा आणि तुमचं जवळ असणं, दोन्हीची किंमत या दिवसांत सर्वात जास्त आहे. पुढच्या वर्षी सहा महिने जाऊन बसण्यापेक्षा आत्ताचे सहा आठवडे मोलाचे. मग महिन्यातून एकदा चार दिवस. रात्रीच्या बसने पहाटे कराडला उतरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, तुम्ही कॉलेजात करायचात तसंच.

रजेच्या काळात तुमचं भाडं आणि आजीचा वाटा मिळून साधारण नव्वद हजार एफडीतून जातील. कार्डाचे दोन लाख वजा जाता तीन लाख उरतात. ते तुमच्या स्वतःच्या अडीअडचणीसाठी, त्यांना आजीसाठीसुद्धा हात लावायचा नाही. पीपीएफ राहू द्या. आजारपणासाठी खातं मुदतीआधी बंद करायची मुभा स्वतः, जोडीदार, मुलं आणि आई-वडिलांपुरतीच आहे. घर दीड-दोन वर्षं लांबेल. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार म्हणून लिहिते.

कार्डाची पुढची तारीख १८ आहे. बँकेच्या ॲपवरून एफडी आज रात्रीच मोडता येईल, आणि शुक्रवारच्या बसचं तिकीटही.