घुबडापासून सुरुवात करा

सगळी ग्रीक नाणी एकदम पाहायला जाऊ नका, गोंधळ उडेल. प्राचीन अथेन्सचं चार द्राख्मांचं (द्राख्मा हे तिथलं चलन) एकच नाणं धरा आणि आठवडाभर तेवढंच बघा. विकत घ्यायची घाई नको, संग्रहालयांचे मोठे फोटो पुरतात.

दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी. तिचा डोळा निरखा. चेहरा बाजूने दिसतो, पण इ.स.पू. ५व्या शतकातल्या नाण्यांवर डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा, बदामी. पुढच्या शतकात तोही बाजूने दिसू लागतो. काळ ओळखायला मला याहून सोपी खूण सापडलेली नाही! मागे घुबड, ऑलिव्हची डहाळी, इवलीशी चंद्रकोर आणि आल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरं, म्हणजे ‘अथेन्सवासीयांचं’.

वजन साधारण १७.२ ग्रॅम, चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली. त्याच चांदीतून अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीसने युद्धनौका बांधून घेतल्या आणि इ.स.पू. ४८० मध्ये सालामिस बेटापाशी पर्शियन आरमार हरलं.

एखाद्या नाण्यावर छिन्नीचा खोल घाव दिसला तर नाक मुरडू नका. आत तांबं तर नाही ना, हे बघायला तेव्हाच कुणीतरी घातलेला असतो तो. शंका रास्तही होती, कारण स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस चांदी आटली तेव्हा खुद्द अथेन्सनेच तांब्यावर चांदी चढवून नाणी पाडली. मला तर असं घाव सोसलेलं नाणंच जास्त आवडतं.

कडेला ओतकामाची शिवण दिसली तर मात्र ते नाणं खाली ठेवा. खरी नाणी ठशावर घण घालून पाडलेली असत, ओतलेली नव्हेत.