गणिताची धास्ती आणि सेटचा पहिला पेपर

प्रश्न : एम.ए. मराठी झालंय. सेट या सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरातल्या गणिताची धास्ती वाटते. काय करू? – एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, मीही मराठीच शिकवते, ही धास्ती ओळखते. प्रश्न ५०, गुण १००, चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तरासाठी शाळेची पुस्तकं पुरतात. तुमचं खरं बळ याच पेपरातल्या भारतीय तर्कशास्त्रात आहे, आणि मुलं नेमकं तेच टाळतात, याचं मला वाईट वाटतं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमान. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असणार, ही अर्थापत्ती. सहाही प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचे मार्ग, अशी उदाहरणांसकट वहीत उतरवा. जुने पेपर मात्र घड्याळ लावून, तासाभरातच सोडवा.