प्रॅक्टिकलचं मटेरियल सगळ्यांना द्यायचंय, पण कसं?

प्रश्न: मी नाशिकच्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते. अ‍ॅनिमल बिहेवियरच्या पीपीटी, रामकुंडावरच्या कबुतरांचं प्रॅक्टिकल, नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या फील्ड व्हिजिटची शीट असं बरंच साठलंय. इतर कॉलेजांना द्यावंसं वाटतं, पण सहकारी म्हणतात लोक नाव काढून आपलंच म्हणून खपवतील. शिवाय पीपीटीत गूगलवरून घेतलेले फोटो आहेत. काय करू?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: मॅडम, आधी पीपीटी बाजूला ठेवा. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक टिनबर्गनचे 1963 चे चार प्रश्न आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या लॉरेन्झच्या मागे चालणारी ग्रेलॅग गूजची पिल्लं सगळ्यांच्याच पीपीटीत असतात हो, त्यासाठी कोणी तुमच्या दारात येणार नाही. तुमचा खरा माल म्हणजे ती कबुतरांची शीट, कारण बाहेरच्या पुस्तकातलं प्रॅक्टिकल ज्या प्राण्यावर असतं तो आपल्याकडे दिसतच नाही, आणि कबूतर काय, कुठल्याही गावात मिळतं.

पण नुसता तक्ता देऊ नका, तो वापरताना काय गंमत होते तेही लिहा. म्हणजे दर दोन मिनिटांनी कोण काय करतंय ते टिपायचं, स्कॅन सॅम्पलिंग, आणि मध्येच कोणीतरी मूठभर दाणे टाकतं की सगळा थवा तिकडे, मग त्या वेळेची नोंद बाकीच्यांशी कशी जुळणार? तर 'दाणे टाकले का' असा एक रकाना हवाच. दुसरं, पोरं बिनधास्त लिहितात 'नर चिडला'. ते नको, 'मान फुगवून घुमत गोल फिरला' असं हवं. अशी चार-पाच उदाहरणं शीटच्या मागे छापली तर नवीन शिकवणाऱ्याचा अर्धा ताप वाचतो. नांदूरमध्यमेश्वरला मात्र एकच ढोकरी (छोटा बगळा) निवडून ठरावीक वेळ तिच्याकडेच बघायचं, फोकल सॅम्पलिंग, ते जास्त जमतं. या पद्धतींची नीट मांडणी प्राणीवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमननी 1974 मध्ये केली, तेवढा उल्लेख टाका.

आता चोरीचं. काहीच न लिहिता फाइल टाकली तर प्रामाणिक माणूस वापरायला बिचकतो आणि ढापणारा ढापतोच. त्यापेक्षा पहिल्या पानावर तुमचं नाव आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय 4.0 लायसन्स लिहा, म्हणजे वापरा, बदला, पण श्रेय द्या. काही जण भीतीपोटी त्यात एनडी, म्हणजे बदललेलं वाटू नका अशी अट, जोडतात, मी म्हणेन नको, कारण मग तुमच्या इंग्रजी शीटचं मराठी करून वाटायलाही परवानगी लागते. आणि पीडीएफसोबत वर्डची फाइलही द्या, नाहीतर बदलणार कसं?

फोटोंबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. वर्गात शिकवताना 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, पण तेच सगळ्यांसाठी नेटवर टाकणं वेगळं. मोबाइलवर स्वतः काढा, नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या, तिथेही प्रत्येक फोटोखालचं लायसन्स बघून.

ठेवायचं कुठे, तर ड्राइव्हची लिंक नको, अकाउंट बंद झालं की गेली. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं झेनोडो हे फाइल ठेवायचं संकेतस्थळ फुकट आहे, डीओआय म्हणजे फाइलचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, प्राचार्यही खूश. आणि हो, पोरांनी भरलेल्या शीट नमुना म्हणून जोडणार असाल तर त्यावरची नावं आणि रोल नंबर काढून टाका.