आयुष्मान कार्डाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं का?

कार्ड चालू करून देण्यासाठी मागितलेले ३०० रुपये अजिबात देऊ नका. आयुष्मान कार्डाला मुदत नसते, त्यामुळे ते 'रिन्यू' करायचा प्रश्नच येत नाही. कार्ड काढायलाही सरकारी शुल्क नाही.

तुम्ही लिहिलंय की आईचं कार्ड २०१९ मध्ये काढलेलं आहे, रेशनकार्ड पिवळं आहे, डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली आहे आणि गावातला एक जण 'कार्ड बाद झालंय, मी चालू करून देतो' म्हणतोय. मी तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र चालवतो. हा प्रश्न माझ्या टेबलावर इतक्यांदा येतो की जरा सविस्तरच लिहितो.

ही समजूत आली कुठून, तर जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतून. २००८ ला ती सुरू झाली. ३० रुपये भरून स्मार्ट कार्ड मिळायचं, पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण आणि दर वर्षी पुन्हा नोंदणी. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि ती योजना तिच्यात विरून गेली, पण 'वर्ष संपलं की कार्ड संपलं' हे डोक्यात राहिलं ते राहिलंच. खाजगी मेडिक्लेमचा हप्ता भरणारे नातेवाईक त्यात भर घालतात. आणि अशा समजुतीवर पोट भरणारे लोक प्रत्येक गावात असतातच.

आता दर वर्षी होतं काय, तर रक्कम नव्याने मिळते. अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख, माणशी नव्हे. म्हणजे याच योजना-वर्षात वडिलांच्या एखाद्या मोठ्या उपचाराला त्यातले पैसे गेले असतील, तर आईसाठी उरलेलेच धरायचे. योजनेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं असं समजू नका, शिल्लक किती ते रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला विचारा, त्याला संगणकावर दिसतं. हप्ता, करार वगैरे सरकार बघतं. त्यात तुम्ही एक रुपया भरायचा नसतो.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. आपल्याकडे २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली, २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडून चालते. आधी रेशनकार्ड पिवळं-केशरी आहे का ते बघायचे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रंगाची अट काढली आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ५ लाखांचं संरक्षण आहे. त्यामुळे आयुष्मान कार्ड हरवलं असलं तरी वैध रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्रावर या योजनेत नोंदणी होते. पांढरं कार्ड आहे म्हणून दवाखान्यात जायलाच घाबरणारे लोक मला अजून भेटतात.

मग अडतं कुठे? कार्डावर नाही, त्याच्या खालच्या कागदांवर. काळजी घ्यायची ती तिथे.

पहिलं, रेशनकार्डातलं आईचं नाव. त्याचा १२ अंकी क्रमांक ऑनलाइन दिसतोय का आणि त्यात आईचं नाव आहे का, एवढं आजच बघा. रेशनच्या ई-केवायसीचं (आधारवरून प्रत्येकाची ओळख पटवण्याचं) सगळ्यांनी ऐकलंय, पण बऱ्याच घरांत कर्ता पुरुष आपला अंगठा देऊन येतो आणि म्हातारी माणसं राहून जातात. नाव कमी झालं की धान्य बंद होतं हे लगेच कळतं. दवाखान्यात अडणार आहे हे मात्र खाट मिळाल्यावर कळतं. ही ई-केवायसी रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर होते, किंवा 'मेरा ई-केवायसी' ॲपमध्ये चेहरा दाखवून घरबसल्या होते. ऊसतोडीला, खुरपणीला जन्म घालवलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन दहादा 'पुन्हा बोट ठेवा' म्हणतं आणि त्या बिचाऱ्या ओशाळतात, जणू त्यांचंच काही चुकलं. अशा वेळी बोटाच्या मागे न लागता सरळ चेहऱ्याचा पर्याय घ्या.

दुसरं, आधार आणि रेशनकार्ड यांतला फरक. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं. किंवा घरात सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच रेशनकार्डावर, आणि आधारवर भलतंच. उकार-वेलांटीचा फरक असेल तर आरोग्यमित्र बहुतेक वेळा सांभाळून घेतात, पण अख्खं नावच वेगळं असेल तर अडतं. तुमच्या आईच्या बाबतीत असं असेल, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत आत्ताच अर्ज टाका, अ‍ॅडमिशनची वाट बघू नका. नव्या सुनेचं नाव चढवायचं असेल तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो आणायला सवड काढावी लागते. लग्नानंतर चार वर्षांनी, बाळंतपणाच्या गडबडीत तो आठवू नये.

आता अँजिओप्लास्टीचं. आधी खात्री करा की ते रुग्णालय योजनेच्या यादीत आहे आणि हृदयविकाराच्या उपचारांसाठी आहे. यादीतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक आजाराला नसतं. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. भरती व्हायच्या आधीच प्रवेशद्वाराजवळच्या योजनेच्या कक्षात जा. रेशनकार्ड, आधार, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी बरोबर ठेवा. सीडी घरी विसरली म्हणून मंजुरी रखडलेली मी पाहिली आहे. आरोग्यमित्र नोंदणी करतो, रुग्णालय मंजुरी मागवतं, ती आली की उपचार. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरूनही मंजुरी घेता येते, कागद मागाहून.

'आधी पैसे भरा, नंतर योजनेतून परत मिळतील' असं कोणी म्हणालं तर भरू नका. योजना कॅशलेस आहे. कक्षात बसूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा. आयुष्मानसाठी १४५५५ आहे. समोरच फोन लावला की पुष्कळदा तिथल्या तिथे सूर बदलतो. नुसती ओपीडीची तपासणी आणि गोळ्या मात्र यात बसत नाहीत, तेवढा खर्च हाताशी ठेवा.

आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. आधारप्रमाणे ७० पूर्ण असतील तर एक काम खरंच नव्याने करावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालंय, आणि जुनं कार्ड असलं तरी त्यासाठी पुन्हा ई-केवायसी लागते. कुटुंबाच्या ५ लाखांत हात न घालता ज्येष्ठांना वेगळे ५ लाख मिळतात, उत्पन्नाची अट नाही. आयुष्मान ॲपवर घरीही होतं. फक्त आधारवरची जन्मतारीख बघून घ्या, कारण आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म १ जानेवारीला झालेला असतो, आणि ते सालही कोणी अंदाजानेच सांगितलेलं असतं.