खेळात क्षमता, तंत्र आणि कौशल्य यांत फरक काय?

हे तीन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण खो-खोचे उदाहरण घेतले की फरक लगेच ध्यानात येतो. वेग, चपळाई, लवचिकता, तोल आणि चटकन प्रतिसाद देण्याची शक्ती या क्षमता होत. त्या काही अंशी उपजत असतात, सरावाने वाढतात आणि कोणत्याही एका खेळापुरत्या नसतात.

तंत्र म्हणजे एखादी हालचाल करण्याची योग्य रीत. खांबावर गडी टिपताना आक्रमक एका हाताने खांब पकडतो, पाय खांबाच्या बुंध्याशी रोवतो आणि सगळे अंग बाहेर झोकून देत दुसरा हात धावणाऱ्या गड्याच्या पाठीपर्यंत लांबवतो. ही कृती एकट्याने, समोर कोणीही नसताना घोटता येते.

कौशल्याची परीक्षा मात्र समोर गडी असतानाच होते. आक्रमकाला धावण्याची दिशा मध्येच बदलता येत नाही, बसलेल्या गड्यांमधून पलीकडेही जाता येत नाही. त्यामुळे आता सूर मारावा, खांबापर्यंत रेटावे की मागून खो देऊन मोकळे व्हावे, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते, आणि तो निर्णय पुन्हापुन्हा, दमलेल्या अंगानेही अचूक ठरला तरच त्याला कुशल म्हणायचे. मैदानावर सर्वांत वेगाने पळणारा मुलगा हुलकावणीला फसून रिकाम्या हाताने खांबाला वळसा घालताना हमखास दिसतो. (प्रशिक्षकांचा आरडाओरडा बहुधा तेव्हाच सुरू होतो.) त्याला आणखी पळवण्यापेक्षा प्रत्यक्ष डावात अधिक खेळवणे, हाच माझ्या मते खरा उपाय आहे.